पटर आणि हाताचं वळण

मुंबईत गोल्फ क्लब १८४२ सालीच निघाला. आमच्या उचगावात मात्र हा खेळ टीव्हीपुरताच. चेंडू हळूच भोकात ढकलायच्या काठीला पटर म्हणतात.

१९०४ साली वॉल्टर ट्रॅव्हिस अमेरिकेहून येऊन ब्रिटिश हौशी स्पर्धा जिंकला. त्याच्या पटरचा दांडा टोकाऐवजी मध्याजवळ बसवलेला. १९१० मध्ये ब्रिटिशांनी तसल्या पटरवर बंदी घातली, ती १९५२च्या नियमांत उठली.

आज जाणकार दांडा बोटावर आडवा तोलतात. पटरचं तोंड आभाळाकडे राहिलं, तर तो सरळ मागेपुढे जाणाऱ्या हाताचा. टोक खाली झुकलं, तर कमानीत फिरणाऱ्या हाताचा.

आपल्याकडे बोरूही लिहिणाऱ्याच्या वळणाप्रमाणेच तासायचे. हत्यार हाताजोगं असावं, एवढं नियमात बसायला तिकडे बेचाळीस वर्षं लागली! असो.