आसाला वंगण

मिरजेच्या स्टेशनावर आमच्या अब्बांचा टांगा असायचा. आठवड्यातून एकदा चाक उतरवून ते आसाला वंगण लावत. चाक कुरकुरलं, की म्हणत, "आस तहानलाय बघ."

दोन वर्षांपूर्वी माझा खुबा कुरकुरू लागला. नमाजात गुडघे मुडपून बसणं जमेना. वाटीच्या कडेची कूर्चा फाटली होती. दुर्बिणीची शस्त्रक्रिया झाली. पण सहा महिन्यांनीही दुखणं रेंगाळलंच. मग कोणी सुचवलं, "सांध्यात वंगणाचं इंजेक्शन घ्या." मला लगेच अब्बा आठवले. वंगण म्हटल्यावर शंका कसली? तरी मी बी.ए. झालेला माणूस, औषध कळत नाही, पण इतिहास वाचता येतो. तो वाचला.

सांध्यातल्या द्रवाला 'सायनोव्हिया' हे नाव सोळाव्या शतकात पॅरासेल्सस या वैद्याने दिलं. अंड्याच्या पांढऱ्यासारखा बुळबुळीत म्हणून ते पडलं असावं. त्यातला मुख्य पदार्थ मात्र सापडला भलतीकडेच. 1934 मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात कार्ल मायर आणि जॉन पामर यांनी गाईगुरांच्या डोळ्यातल्या पारदर्शक गरातून तो वेगळा काढला. काचेला ग्रीक भाषेत 'हायलॉस' म्हणतात. त्यावरून नाव झालं हायलुरॉनिक आम्ल.

पुढे हंगेरीत जन्मलेल्या एन्ड्रे बलाझ यांनी तो कोंबड्याच्या तुऱ्यातून इतका शुद्ध काढला, की शरीरात टोचल्यावर सूज येऊ नये. आधी शर्यतीच्या घोड्यांचे सांधे, मग मोतीबिंदूची शस्त्रक्रिया आणि मग माणसाचा गुडघा, असा त्याचा प्रवास झाला. अमेरिकेत 1997 मध्ये गुडघ्याच्या संधिवातासाठी त्याला मान्यता मिळाली. घोड्यावरून माणसाकडे आलेलं औषध! टांगेवाल्याच्या पोराला याचं अप्रूप वाटणारच.

खुब्याची गोष्ट वेगळी. हा सांधा खोल, मांसाने वेढलेला. 1931 मध्ये न्यूयॉर्कच्या मायकेल बर्मन यांनी मृतदेहांच्या सांध्यांत दुर्बीण घालून पाहिली, तेव्हा खुब्याचा गोळा आणि वाटी यांच्यामधली फट त्यांना दिसेना. 1939 मध्ये जपानच्या केन्जी ताकागी यांनी रुग्णांच्या खुब्याबद्दलचे अनुभव प्रसिद्ध केले. आजही पाय ओढून धरल्याशिवाय दुर्बिणीला आत वाट मिळत नाही. इंजेक्शनसुद्धा सोनोग्राफी किंवा क्ष-किरणांच्या मदतीने द्यावं लागतं.

आणि गुण? इथे इतिहास उत्साह जरा आवरायला लावतो. 2019 मध्ये अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संस्थेने खुब्याच्या झिजेसाठी हे इंजेक्शन वापरू नये, असा ठाम सल्ला दिला. गुडघ्याबाबतही 2022 मध्ये अनेक चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या. नुसतं मिठाचं पाणी टोचलेल्यांच्या तुलनेत मिळालेला आराम इतका थोडा होता, की रुग्णाला फरक जाणवू नये. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनंतरच्या खुब्याबद्दल तर भक्कम पुरावा नाहीच. काहींना बरं वाटतं, ते मी खोटं म्हणत नाही. पण टोचलेला पदार्थ सांध्यात फार दिवस टिकत नाही, आणि फाटलेली कूर्चा तो शिवत नाही.

मी डॉक्टरांना एवढंच विचारलं, "माझं दुखणं नक्की कशाचं?" त्यांनी पुन्हा तपासलं. स्नायू दुबळे झाले होते. इंजेक्शन राहिलं, व्यायाम सुरू झाला.

अब्बांचं चुकलं नव्हतं. पण लाकूड-लोखंडाच्या आसाला वंगण बाहेरूनच लागतं; जिवंत सांध्याचं अस्तर ते स्वतः तयार करतं. नमाज मी अजून खुर्चीवर बसूनच पढतो. पण परवा स्टेशनापर्यंत चालत गेलो. टांगे आता तिथे नाहीत. मी थोडा वेळ उभा राहिलो आणि चालतच परत आलो.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)