वाळ्याचा गंध आणि 'पुरुषांसाठी' ही पाटी

दिवाळीची सुट्टी संपून महाविद्यालय सुरू झाले त्या आठवड्यातली गोष्ट. आमचे एक सहकारी परदेशातल्या मुलाने पाठविलेले सुगंधद्रव्य लावून प्राध्यापक-कक्षात आले. वेष्टनावर इंग्रजीत वर्णन होते: हिरवा, वनौषधींचा, काष्ठगंधी दरवळ, आणि खाली ठळक अक्षरांत, पुरुषांसाठी. वास खोलीभर पसरला तेव्हा संस्कृतच्या बाई उत्तरपत्रिकांमधून मान वर न करता म्हणाल्या, "सर, अजून अंगावरचं उटणं उतरलं नाही वाटतं!" सगळे हसले. बाईंचे निदान मात्र अचूक होते. वेष्टनावरच्या वर्णनात प्रमुख नाव व्हेटिव्हरचे होते, आणि व्हेटिव्हर म्हणजे आपला वाळा. हा शब्द मूळचा तमिळ, 'वेट्टिवेर'. तो फ्रेंचांच्या तोंडी बसला आणि तिथून जगभर गेला. वस्तू आपल्याच मातीतली, नाव आपल्याच शेजाऱ्यांचे, परंतु 'पुरुषांसाठी' ही पाटी मात्र बाहेरून आलेली. ती पाटी केव्हा लागली आणि ती लागण्यापूर्वी या गंधाचे आपल्याकडे काय चालले होते, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

आरंभ वराहमिहिरापासून करणे सोयीचे ठरेल. सहाव्या शतकातील या ज्योतिर्विदाच्या बृहत्संहितेत 'गंधयुक्ति' नावाचा एक अध्याय आहे. ग्रह-नक्षत्रे, पर्जन्य, वास्तू यांची चर्चा करणारा ग्रंथकार सुगंधाकडे वळतो, तेव्हा त्याची पहिली चिंता पांढऱ्या केसांची असते. केस पिकलेल्या माणसाला माळा, सुगंध, वस्त्रे, अलंकार काहीच शोभत नाही, म्हणून आधी केसांना कलप कसा लावावा हे तो सांगतो आणि मगच सुगंधाकडे येतो. संस्कृतातील पुल्लिंगी रूपाला फार महत्त्व देऊ नये हे खरे. तरीही सारा अध्याय राजाच्या आणि नागर पुरुषाच्या प्रसाधनाला धरून चालतो, याबद्दल शंका राहत नाही.

या अध्यायातील 'गंधार्णव' म्हणजे गंधांचा समुद्र. त्यात सोळा द्रव्ये आहेत: घन म्हणजे नागरमोथा, वालक, शैलेयक म्हणजे दगडफूल, कापूर, उशीर म्हणजे वाळा, नागकेशर, व्याघ्रनख, स्पृक्का, अगरू, दमनक म्हणजे दवणा, नख, तगर, धने, कचोरा, चोरक आणि चंदन. वाचकांनी ही यादी नाकाने वाचावी. नागकेशराचा अपवाद सोडला तर फूल जवळजवळ नाहीच. गुलाब नाही, मोगरा नाही, केवडा नाही. मुळे आहेत, लाकूड आहे, पाला आहे, दगडावरचे शेवाळासारखे वाढणारे दगडफूल आहे. आजच्या सुगंधव्यवसायाच्या परिभाषेत ज्याला हिरवा, वनौषधींचा, काष्ठगंधी म्हणतील, तो हाच कुळाचार.

पुढे वराहमिहिर गणिती होतो. सोळांतून चार चार द्रव्ये निवडली तर १,८२० गट होतात. प्रमाण बदलल्याने प्रत्येक गटाचे ९६ भेद होतात. म्हणजे एकूण १,७४,७२० सुगंध. भारतीय गणिताच्या इतिहासकारांना हा भाग ठाऊक आहे, कारण संचय-गणिताचा तो जुना आणि स्वच्छ नमुना आहे. साहित्याच्या माणसाला त्यात आणखी काही दिसावे. पावणेदोन लाखांच्या घरातल्या या समुद्रात एकही सुगंध 'स्त्रियांचा' किंवा 'पुरुषांचा' म्हणून वेगळा काढलेला नाही. वर्गीकरणाची एवढी हौस असलेल्या माणसाला ही विभागणी सुचू नये, याचा अर्थ ती त्याच्या जगात नव्हती असाच घ्यावा लागतो. वाळ्याचा लेप शाकुंतलाच्या तिसऱ्या अंकाच्या आरंभी शकुंतलेसाठी नेला जातो, तो तिच्या अंगाचा दाह शमविण्यासाठी. तोच वाळा राजाच्या अंगाला लागला तर त्याचे कुणाला नवल वाटले नसते. भेद ऋतूचा होता, प्रकृतीचा होता, ऐपतीचा तर होताच होता.

इथे शब्दाबद्दल थोडे विषयांतर. या यादीत 'वालक' आणि 'उशीर' ही दोन स्वतंत्र द्रव्ये आहेत. संस्कृतातील वालक म्हणजे ह्रीबेर, एक वेगळीच वनस्पती. मराठीत 'वाळा' हा शब्द मात्र उशीराकडे गेला आणि मूळ वालकाला 'काळा वाळा' असे नाव घेऊन मागे उभे राहावे लागले. त्यामुळे 'वालक' दिसले की डोळे मिटून 'वाळा' लिहिणारे भाषांतर चुकते. मीही एका टिपणात ही चूक केली होती.

नागर पुरुषाच्या प्रसाधनाचे इतर पुरावे आपल्या परिचयाचे आहेत. कामसूत्रातील नागरकाच्या शय्येजवळ उटी, माळ, सुगंधाची पुडी, महाळुंगाची साल आणि विडे ठेवलेले असतात. मराठीच्या अभ्यासकाला अधिक जवळचा ग्रंथ म्हणजे कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याचा बाराव्या शतकातील मानसोल्लास. आपण तो ग्रंथ ओवीच्या उल्लेखासाठी उघडतो, टिपण घेतो आणि मिटतो. त्याच ग्रंथात राजाच्या उपभोगांमध्ये 'विलेपनभोग' आणि 'धूपभोग' अशी प्रकरणे आहेत. दख्खनच्या राजाने अंगाला काय लावावे हा तिथे राज्यशास्त्राच्या शेजारी बसण्याच्या योग्यतेचा विषय आहे. मराठेशाहीतल्या दरबारी अत्तर-गुलाबाबद्दल इथे विस्ताराने लिहीत नाही. निरोपाच्या विड्याबरोबर अत्तर देणे हा शिष्टाचार होता, एवढे पुरे.

खरे थांबायचे ते गंधवादापाशी. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे क्युरेटर परशुराम कृष्ण गोडे (१८९१–१९६१) यांनी भारतीय संस्कृतीच्या इतिहासातील किती बारीकसारीक वस्तूंवर लिहिले याची गणती करणे कठीण. गंगाधर नावाच्या ग्रंथकाराचा 'गंधसार' आणि त्याच्या जोडीचा, कर्ता अज्ञात असलेला 'गंधवाद' हे दोन ग्रंथ त्यांनी हस्तलिखितातून अभ्यासकांच्या नजरेस आणले. पुढे रा. तु. व्यास यांनी संपादित केलेली या दोहोंची आवृत्ती बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिराने १९८९ मध्ये गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत प्रसिद्ध केली. गंधसारात सुगंधनिर्मितीच्या सहा क्रिया दिल्या आहेत: भावन, पाचन, बोध, वेध, धूपन आणि वासन. गंधवादाचे वैशिष्ट्य याहून वेगळे. त्यातील संस्कृत कृतींवर मराठी टीका आहे. गोडे यांनी तिचा काळ साधारणपणे चौदाव्या ते सोळाव्या शतकांच्या टप्प्यात धरला.

या वाक्याचे वजन लक्षात घ्यावे. मराठी गद्याचा इतिहास आपण शिकवतो तो महानुभावांपासून बखरींपर्यंत. मधल्या काळात गद्य फारसे नाही, असे एक विधान पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थ्यांच्या वह्यांत उतरत आले आहे. मी एम.ए. झालो तेव्हा मीही ते लिहिले आणि गुण मिळविले. परंतु कुटावे कसे, भिजवावे किती, धूप कशाचा द्यावा हे मराठीतून समजावून सांगणारा कोणी माणूस त्या काळात होता. तो संत नव्हता, पंडित कवी नव्हता, बखरकार नव्हता. त्याच्यासमोर संस्कृत श्लोक कळत नसलेला, पण हाताने काम करणारा वाचक होता. म्हणजे गद्य होते. आपण त्याला वाङ्मय म्हणत नव्हतो. सुगंध हा विषय विलासाचा, म्हणून गंभीर नाही. आणि कृती सांगणारे गद्य उपयोगाचे, म्हणून ललित नाही. अशा दोन्ही दारांतून ते बाहेर राहिले.

आणखी एक गोष्ट काव्यशास्त्र शिकविणाऱ्यांसाठी. सहृदयाच्या ठायी असलेल्या 'वासने'मुळे रसास्वाद संभवतो, असे आपण अभिनवगुप्ताच्या आधारे फळ्यावर लिहितो आणि वासना म्हणजे संस्कार असा अर्थ देतो. पण गंध्याच्या सहाव्या क्रियेशी, वासनाशी, त्या शब्दाचे जवळचे नाते आहे. फुलांच्या सहवासात ठेवलेले तीळ वासित होतात आणि फुले काढून घेतल्यावरही तेलात वास उरतो, हा दृष्टान्त बौद्ध तत्त्वचर्चेत प्रसिद्धच आहे. वर्गात हे सांगितले की अभिनवगुप्त एकदम समजू लागतो, हा माझा अनुभव.

आता पाटीकडे. युरोपातही ही विभागणी फार जुनी नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस पुरुषांनी भरजरी कपडे, रंग आणि झगमगाट टाकून दिला. फ्ल्यूगेल या मानसशास्त्रज्ञाने १९३० मध्ये त्याला पुरुषांचा महान त्याग म्हटले. त्याचे विवेचन वस्त्रांबद्दलचे आहे, पण सुगंधालाही ते लागू पडते. कारखानदार आणि कारकून यांच्या युगात सभ्य पुरुषाच्या वाट्याला साबण, कोलोन आणि लॅव्हेंडरचे पाणी एवढेच उरले. मग १८८२ मध्ये पॅरिसच्या उबिगाँ या पेढीसाठी पॉल पार्के याने 'फुजेर रॉयाल' तयार केले. फुजेर म्हणजे नेचा. गंमत अशी की नेच्याला सांगण्यासारखा वासच नसतो. ती शुद्ध कविकल्पना होती. तिला देह दिला तो विल्यम पर्किनने १८६८ मध्ये प्रयोगशाळेत सिद्ध केलेल्या कूमारिनने. वाळलेल्या गवतासारखा त्याचा वास, त्याला लॅव्हेंडर आणि ओकवरच्या दगडफुलाची जोड. या मिश्रणाचा पुढे एक वंशच झाला आणि विसाव्या शतकात तो पुरुषांचा मानला गेला. आरंभी मात्र तसे काही ठरलेले नव्हते. अमेरिकेतील ओल्ड स्पाइसचेच पाहा: १९३७ मध्ये ते प्रथम बाजारात आले ते स्त्रियांसाठी, पुरुषांचे १९३८ मध्ये.

वाळा या कथेत आला तो कपड्यांच्या कपाटातून. फ्रेंच घरांत कसर लागू नये म्हणून वाळ्याच्या मुळ्यांच्या जुड्या ठेवीत. रेयुनियन बेट, जावा आणि नंतर हैती इथे त्याची लागवड होऊन तेल निघू लागले. हे तेल जड, सावकाश उडणारे, म्हणून सुगंधाचा तळ धरून ठेवणारे. १९५७ मध्ये कार्व्हेनने, १९५९ मध्ये झिव्हाँशी आणि गेर्लँ यांनी वाळ्याच्याच नावाने पुरुषांची सुगंधद्रव्ये आणली आणि मातीचा, मुळांचा, किंचित धुरकट असा हा वास पौरुषाचे लक्षण ठरला. इकडे कनौजला तांब्याच्या देगेत वाळा उकळून रूह-खस काढण्याचे काम चालूच होते. तांब्यामुळे तिला हिरवट झाक येते. ती घेणाऱ्याला कुणी लिंग विचारीत नाही.

आपल्याकडचा शिकलेला मराठी पुरुष या सगळ्यात कुठे होता? माझा तर्क असा: १८१८ नंतर पेशवाईच्या ऱ्हासाची जी कथा आपण स्वतःला सांगितली, तिच्यात अत्तर, विडा आणि लावणी एकाच ओळीत आरोपी म्हणून उभी केली गेली. कानात अत्तराचा फाया ठेवणारा माणूस रंगेल ठरला. धुतलेले धोतर आणि साबणाचा वास म्हणजे चारित्र्य. या तर्कात एक त्रुटी आहे आणि ती मला मान्य आहे: अंगाला सुगंध लावण्याची ऐपत आधीही थोड्यांचीच होती, आणि ज्यांच्या घामाला 'वास' म्हटले गेले त्यांना हा त्याग करण्याची संधीसुद्धा मिळालेली नव्हती. मराठीत 'गंध' येतो, 'दरवळ' सुटतो, पण नुसता 'वास येतो' म्हटले की ऐकणारा नाक मुरडतो. आणि 'गंध लावणे' म्हणजे तर कपाळावर टिळा लावणे. सुगंधाचा शब्द देवपूजेने राखला. दवणा ज्योतिबाच्या चैत्री यात्रेत देवाला वाहिला जातो. माणसाच्या अंगावर तो क्वचितच दिसतो.

अंगावर उरले ते उटणे, वर्षातून एका पहाटेपुरते. यंदा काष्ठौषधींच्या दुकानातून त्याची एक पुडी आणून मी एम.ए.च्या वर्गात फिरविली आणि मागे छापलेली यादी फळ्यावर लिहायला लावली: नागरमोथा, वाळा, कचोरा, चंदन. शेजारी वराहमिहिराची सोळा द्रव्ये. चार नावे सरळ जुळली. त्या तासानंतर एका विद्यार्थ्याने गंधवादाच्या मराठी टीकेतील शब्दांची वर्णानुक्रमे सूची करायला घेतली आहे. त्याच्या वडिलांचे किराण्याचे दुकान आहे. अडलेले शब्द तो आधी त्यांना विचारतो, मग कोशात पाहतो. सध्या तो 'क'वर आहे. वाळा यायला अजून अवकाश आहे.