पैनगंगेच्या अलीकडचा आजार : नांदेड-लातूर परिसरातील अनुवंशशास्त्रीय आरोग्यसेवेचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

मानवी जनुकसंचयाच्या वाचनाचा प्रकल्प १९९० मध्ये सुरू होऊन २००३ मध्ये पूर्णत्वास गेला. या घटनेचे वर्णन बहुधा प्रयोगशाळांच्या आणि महानगरांच्या संदर्भात केले जाते. परंतु एखाद्या विज्ञानाचा इतिहास त्याच्या शोधाच्या तारखेपाशी संपत नाही. ते ज्ञान रुग्णाच्या घरापर्यंत केव्हा पोहोचले, कोणत्या वाटेने पोहोचले आणि वाटेत कोठे अडले, हाही इतिहासाचाच विषय होय. प्रस्तुत निबंधात नांदेड जिल्ह्यातील किनवट-माहूर हा आदिवासी पट्टा आणि लातूर जिल्ह्यातील नात्यातील विवाहांची परंपरा या दोन संदर्भांत या प्रश्नाचा विचार केला आहे. पहिल्या संदर्भाला अधिक जागा दिली आहे, कारण तेथे एक जनुक, एक आजार आणि एक प्रदेश यांचा संबंध अत्यंत स्पष्ट आहे.

सिकलसेलचा शोध आणि नकाशावरील रेषा

सिकलसेल या आजाराचे पहिले वैद्यकीय वर्णन शिकागो येथे जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये प्रसिद्ध केले. हा आजार हिमोग्लोबिनच्या रेणूतील दोषामुळे होतो, हे लायनस पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये दाखविले. पुढे व्हर्नन इन्ग्रॅम यांनी हा दोष साखळीतील एकाच अमिनो आम्लाच्या बदलाचा आहे, हे सिद्ध केले. बीटा साखळीत सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते, एवढाच तो फरक. त्यामुळे प्राणवायू कमी झाला की तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकतात आणि रुग्णाला हाडे-सांध्यांच्या असह्य वेदना होतात.

भारतात या जनुकाची नोंद १९५२ मध्ये झाली. त्या वर्षी लेहमन व कटबुश यांना निलगिरीच्या आदिवासींमध्ये तो आढळला. त्याच वर्षी आसामच्या चहामळ्यांतील मजुरांतही त्याची नोंद झाली. १९५८ मध्ये शुक्ला व सोळंकी यांनी नागपूर भागातील निरीक्षणे 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध केली. तेव्हापासून महाराष्ट्रात सिकलसेल म्हणजे 'विदर्भाचा आजार' अशी समजूत रूढ झाली. ती चुकीची नव्हती. पण अपुरी होती, आणि या अपुरेपणाची किंमत पैनगंगेच्या अलीकडे राहणाऱ्या कुटुंबांनी मोजली.

किनवट हा तालुका १९५६ पर्यंत हैदराबाद संस्थानातील, पुढे हैदराबाद राज्यातील, आदिलाबाद जिल्ह्याचा भाग होता. जोडेघाट येथील कोमरम भीम यांच्या १९४० च्या उठावानंतर निजाम सरकारने गोंडांच्या स्थितीचा अभ्यास क्रिस्टोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाकडे सोपविला. राजगोंडांवरील त्यांचा ग्रंथ १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात गोंडांची चार, पाच, सहा व सात देवांची कुळव्यवस्था आणि त्यांच्याशी बांधलेला परधान या भाटसमाजाचा संबंध सविस्तर आला आहे. हा ग्रंथ लिहिला गेला तेव्हा भारतात सिकलसेलचे नावही कोणी घेतले नव्हते. तरीही आज अनुवंशशास्त्राच्या अभ्यासकाला त्यातील विवाहनियम उपयोगी पडतात. एकाच देवसंख्येच्या कुळांत विवाह होत नाही, म्हणजे पितृवंशातील जवळीक टळते. परंतु विवाह जमातीच्या आतच होतो, आणि मामे-आते भावंडांचा विवाह इष्ट मानला जातो. गोंडांमधील 'दूध लौटावना' या प्रथेचा आशय हाच आहे : मातृकुळाने दिलेले दूध सून म्हणून परत करावयाचे. अशा व्यवस्थेत एखादे जनुक जमातीबाहेर सहसा जात नाही आणि आत पिढ्यान्‌पिढ्या फिरत राहते.

हे जनुक टिकले का, याचे उत्तर अँथनी ॲलिसन यांनी १९५४ मध्ये आफ्रिकेतील अभ्यासातून दिले. वाहक व्यक्तीला हिवतापापासून काही अंशी संरक्षण मिळते. किनवटच्या जंगलाची हिवतापाबद्दलची जुनी ख्याती लक्षात घेतली, तर ज्या रक्तदोषाने आज मुले आजारी पडतात त्यानेच त्यांच्या पूर्वजांना जगविले असावे, असे म्हणता येते.

राज्य पुनर्रचनेत किनवट नांदेडला जोडला गेला. परंतु वैद्यकीय ज्ञानाची केंद्रे दूरच राहिली. मराठवाड्याचे पहिले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय औरंगाबादला (आताचे छत्रपती संभाजीनगर) निघाले. दुसरे १९७० च्या दशकात अंबाजोगाईस आले. नांदेडला ते १९८८ मध्ये आणि लातूरला २००२ मध्ये मिळाले. नागपूरला ज्याची चर्चा १९५८ मध्ये झाली, तो आजार ओळखू शकणारी अध्यापनसंस्था नांदेडला येण्यास तीस वर्षे लागली. पैनगंगेच्या उत्तरेस यवतमाळ, दक्षिणेस किनवट व माहूर आणि त्यांना लागून आदिलाबाद. सोयरिकी तिन्हीकडे होत होत्या. सर्वेक्षणे मात्र महसुली विभागाच्या रेषेत अडकली. पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. सुदाम काटे यांनी राज्यभरातील आदिवासी जमातींचे जे रक्तपरीक्षण केले, त्यातून ही रेषा पुसट होऊ लागली. परधान, भिल्ल, माडिया, पावरा व ओतकर या जमातींत वाहकांचे प्रमाण २० ते ३५ टक्क्यांपर्यंत असल्याचे दिसून आले.

सल्ला आणि त्याचे ओझे

राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान २००५ मध्ये सुरू झाल्यावर त्याच्या आधाराने महाराष्ट्रात सिकलसेल नियंत्रणाचा कार्यक्रम उभा राहिला. विद्राव्यता चाचणी, नंतर इलेक्ट्रोफोरेसिस, आणि शेवटी 'एएस' म्हणजे वाहक, 'एसएस' म्हणजे रुग्ण असा निकाल. दोन वाहकांनी परस्परांशी विवाह करू नये, हा या कार्यक्रमाचा मुख्य संदेश.

येथे काही गणित मांडणे आवश्यक आहे. आईवडील दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गर्भधारणेत मूल रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५० टक्के आणि दोषमुक्त असण्याची २५ टक्के असते. 'प्रत्येक' हा शब्द महत्त्वाचा. चार मुलांपैकी एकच आजारी होईल, पहिले आजारी निघाले म्हणजे पुढची सुटली, असा त्याचा अर्थ नाही. हा गैरसमज अनेक कुटुंबांना महागात पडतो. दुसरे असे की, एखाद्या जमातीत चौघांत एक वाहक धरला, तर यादृच्छिक विवाहांत सोळांपैकी एका जोडप्यात दोघेही वाहक निघतील. जमात लहान, स्थळे मोजकी, आणि त्यात कार्डावर 'वाहक' असा शिक्का. असा शिक्का मुलाच्या लग्नात फारसा आड येत नाही. मुलीच्या लग्नात येतो. दोष आईवडील दोघांकडून आलेला असतानाही आजारी मुलाचा ठपका सुनेवर ठेवला जातो. विज्ञानाने दोष समान वाटला, समाजाने तो असमान वाटून घेतला. वाहक ही आजारी व्यक्ती नव्हे, हे वाक्य प्रत्येक कार्डाबरोबर सांगितले गेले पाहिजे.

गर्भजल व गर्भवेष्टन परीक्षणाचा पर्यायही आहे. १९७८ मध्ये कान व डोझी यांनी डीएनएच्या आधारे सिकलसेलचे गर्भनिदान शक्य असल्याचे दाखविले. भारतात १९९४ च्या प्रसवपूर्व निदान कायद्याने लिंगनिदानास मनाई केली, पण हिमोग्लोबिनच्या विकारांसाठी निदानास मुभा ठेवली. कायद्याची मुभा आणि प्रत्यक्ष सोय यांत मात्र अंतर असते. मुंबईच्या परळ येथील रक्तविकारविषयक राष्ट्रीय संस्था किनवटपासून सुमारे सातशे किलोमीटर. किनवटहून नांदेड गाठायचे तरी सव्वाशे किलोमीटरची वाट. गर्भधारणेच्या पहिल्या तीन महिन्यांत, मजुरी बुडवून, दोघांनी हा प्रवास करावयाचा.

उपचारांत तुलनेने स्वस्त प्रगती झाली ती हायड्रॉक्सियुरिया या औषधाने. अमेरिकेत १९९५ मध्ये त्याची उपयुक्तता सिद्ध झाली. नागपूरच्या डॉ. दीप्ती जैन व सहकाऱ्यांनी भारतीय मुलांत प्रतिकिलो १० मिलिग्रॅम या अल्प मात्रेचाही लाभ होतो, हे २०१२ मध्ये दाखविले. याउलट, २०२३ अखेरीस ब्रिटन व अमेरिकेत मान्य झालेल्या जनुकसंपादन उपचाराची अमेरिकेतील किंमत २२ लाख डॉलर आहे. किनवटच्या रुग्णासाठी आज कोणता शोध मोठा, हे सांगण्याची गरज नाही.

लातूर : नात्यातील विवाह

लातूर जिल्ह्यात प्रश्नाचे रूप निराळे आहे. इरावती कर्वे यांनी १९५३ च्या आपल्या नातेव्यवस्थेवरील ग्रंथात महाराष्ट्राला उत्तर व दक्षिण यांच्या मधला प्रदेश मानले. मामाची मुलगी करण्याची रीत येथे मान्य, आणि कर्नाटकाकडे सरकावे तशी मामा-भाचीच्या विवाहाचीही. उदगीर, निलंगा, देवणी हा भाग त्याच सीमेवर आहे. हिंदू विवाह कायदा १९५५ ने सपिंड विवाह निषिद्ध ठरविला, पण रूढीस अपवाद दिला. म्हणजे या प्रथेला कायद्याचाही आधार आहे.

सख्ख्या मामे-आते भावंडांत सरासरी एक अष्टमांश जनुके समान असतात. मामा-भाचीत एक चतुर्थांश. त्यामुळे एरवी दडून राहणारे दोष अशा संततीत एकत्र येण्याची शक्यता वाढते. तथापि, ही वाढ काही टक्क्यांचीच असते आणि अशा बहुसंख्य जोडप्यांची मुले निरोगी जन्मतात. प्रथेवर सरसकट टीका करण्याऐवजी ज्या कुटुंबात एक मूल दगावले वा अपंग जन्मले आहे, तेथे वेळीच तपासणी होणे हितकारक. पण जिल्हास्तरावर अनुवंशशास्त्रीय समुपदेशक दुर्मीळ आहे. नमुना पुण्या-मुंबईस जातो, किंवा हैदराबादेस. पेशी व रेणूजीवशास्त्राचे केंद्र तेथे १९७७ मध्ये स्थापन झाले. संस्थान गेले, राज्यसीमा बदलल्या. तरी मराठवाड्याची जुनी राजधानी या एका कामासाठी अद्याप सुटलेली नाही.

अलीकडील घटना

अपंगत्वाच्या २०१६ च्या कायद्याने सिकलसेल, थॅलेसेमिया व हिमोफिलिया यांना अपंगत्वाच्या यादीत स्थान दिले. १ जुलै २०२३ रोजी शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. १७ राज्यांतील ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ ही मुदत, असे तिचे स्वरूप. 'निर्मूलन' हा शब्द येथे जपून वापरावा लागेल. विषाणूचे निर्मूलन होते. जनुक माणसाबरोबरच राहते. ९ जानेवारी २०२५ रोजी जीनोम इंडिया प्रकल्पाची दहा हजार भारतीयांची माहिती संशोधकांना खुली झाली, ही त्याच मालिकेतील पुढची घटना.

या मोहिमेत महाराष्ट्र व तेलंगणा ही दोन्ही राज्ये आहेत. आदिलाबादहून किनवटला सून म्हणून आलेल्या मुलीचे कार्ड येथील आरोग्य केंद्रात वाचले जाते की नवी तपासणी करावी लागते, यावर १९५६ च्या रेषेचे पुढचे आयुष्य अवलंबून आहे.