कमी शिदोरीची विद्याचारिका : तक्खसिलेपासून मार्केट यार्डापर्यंत

विद्येच्या शोधात दूरदेशी निघालेल्या विद्यार्थ्याचे चित्र पालि वाङ्मयात वारंवार येते. त्याच्याजवळ पैसा किती होता, वाटेत तो काय खात होता, रात्री कोठे निजत होता, याचेही तपशील या वाङ्मयाने जपून ठेवले आहेत. विद्यापीठांच्या इतिहासग्रंथांत आचार्यांची नामावली, राजांची दानपत्रे व इमारतींची वर्णने भरपूर आढळतात. विद्यार्थ्याच्या शिदोरीचा विचार मात्र क्वचितच केलेला दिसतो. प्रस्तुत लेखात तो करावयाचा आहे. जुनी, देखणी विद्यास्थाने अल्प खर्चात पाहत हिंडणारे आजचे विद्यार्थी ज्या वाटेने जातात ती वाट फार जुनी आहे. तिच्यावर कोणाला अन्न मिळाले, कोणाला निवारा मिळाला आणि कोणाला दारातूनच परत फिरावे लागले, हे पाहिल्याशिवाय त्या इमारतींचे सौंदर्य पुरते समजत नाही.

तक्खसिलेचे विद्यार्थी

तिलमुट्ठि जातकात वाराणसीचा राजा आपल्या सोळा वर्षांच्या पुत्रास तक्खसिलेस पाठवितो. सोबत देतो ते एकपदरी वहाणांचा जोड, पानांची छत्री आणि एक हजार कहापण. स्वतःच्या नगरात नामांकित आचार्य असतानाही राजे आपल्या पुत्रांना परदेशी का पाठवीत, याचे कारण जातककथेने दिले आहे. त्यांचा गर्व उतरावा, त्यांना थंडी-ऊन सोसण्याची सवय व्हावी आणि लोकव्यवहार कळावा, हा तो हेतू होय. म्हणजे प्रवासातील हाल हाही शिक्षणाचाच एक भाग मानला जात असे.

आचार्य राजपुत्रास पहिला प्रश्न विचारतात तो शुल्काचा : शुल्क आणले आहेस की सेवा करून शिकणार आहेस? शुल्क देणारा तो आचरियभागदायक व सेवा करणारा तो धम्मन्तेवासिक. पहिला आचार्याच्या घरी ज्येष्ठ पुत्रासारखा राही. दुसरा दिवसा कामे करी आणि रात्री पाठ घेई. दिवसा हमाली करून रात्रशाळेत बसणाऱ्या आपल्याकडील विद्यार्थ्यांचा पूर्वज हाच धम्मन्तेवासिक होय. त्याच्यासाठी विद्येचे दार उघडे होते. परंतु दिवस आणि रात्र यांची किंमत त्याने स्वतःच्या शरीराने मोजली.

विनयपिटकातील महावग्गात जीवकाची कथा आहे. सात वर्षे वैद्यक शिकल्यावर आचार्यांनी त्याला तक्खसिलेभोवतीच्या एक योजन परिसरात औषध नसलेली वनस्पती शोधण्यास सांगितले. अशी एकही वनस्पती मिळाली नाही, असे सांगत तो परतला, तेव्हा त्याचे शिक्षण पूर्ण झाले. आचार्यांनी त्याला थोडीशी शिदोरी देऊन निरोप दिला. ती शिदोरी साकेतात संपली. पुढचा मार्ग रुक्ष, निर्जल. तेव्हा जीवकाने सात वर्षे डोकेदुखीने आजारी असलेल्या एका श्रेष्ठिपत्नीवर उपचार केले व त्या घराने त्याला एकूण सोळा हजार कहापण दिले. विद्या हीच शिदोरी कशी होते, हे या कथेतून दिसते. तथापि जीवकाला साकेतातील त्या श्रेष्ठीच्या घरात प्रवेश मिळाला, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

कारण ज्यांना प्रवेश मिळाला नाही त्यांचीही कथा जातकांत आहे. चित्तसंभूत जातकातील दोन चांडाळ तरुण जात लपवून, ब्राह्मण माणवकांच्या वेशात तक्खसिलेस शिकू लागले. एके ठिकाणी भोजनास गेले असता गरम घास तोंडात पोळला आणि त्यांच्यापैकी एकाच्या तोंडून आपल्या समाजाची बोली निघून गेली. तेवढ्यावरून ते ओळखले गेले व मार खाऊन बाहेर पडले. गुणवत्तेची परीक्षा ते उत्तीर्ण होत होते; उघडे पाडले ते भुकेने आणि मातृभाषेने. तक्खसिलेचा गौरव करताना ही कथा वगळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

नालंदेची व्यवस्था

नालंदा महाविहाराने या प्रश्नाचे निराळे उत्तर शोधले. इसवी सनाच्या पाचव्या शतकात गुप्तकाळात उदयास आलेल्या या विहारात सातव्या शतकात ह्युएन त्संग आला. येथे द्वारावरच कठीण प्रश्न विचारले जात व बरेच जण तेथूनच परत जात, असे तो नोंदवितो. एकदा प्रवेश मिळाला की मात्र चीवर, अन्न, शयनासन व औषध या चार प्रत्ययांची चिंता उरत नसे. त्याच्या चरित्रात विहाराला शंभर गावांचे उत्पन्न असल्याचे सांगितले आहे. त्याच शतकाच्या उत्तरार्धात आलेला इत्सिंग दोनशेहून अधिक गावे सांगतो. नवव्या शतकात सुवर्णद्वीपाचा राजा बालपुत्रदेव याच्या विनंतीवरून देवपाल राजाने पाच गावे दिल्याचा ताम्रपट उत्खननात मिळाला आहे.

विद्यार्थ्याच्या मासिक खर्चाची आजची यादी काढली तरी कपडे, जेवण, खोली व औषधपाणी हीच चार कलमे येतात. बौद्ध संघाने ती ओळखून त्यांची सामुदायिक तरतूद केली, हे नालंदेचे खरे वैशिष्ट्य होय. अर्थात त्या शंभर गावांतील कष्टकऱ्यांनी पिकविलेले धान्य, तूप व दूध रोज विहारात येत असे, म्हणूनच हे शक्य झाले. त्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत.

जुन्नरचे धान्यवाले आणि नाशिकचे विणकर

महाराष्ट्रात अशी नावे निदान काही प्रमाणात शिलालेखांत उरली आहेत. पुणे जिल्ह्यातील जुन्नर येथील एका ब्राह्मी लेखात धञ्ञिक सेणीने, म्हणजे धान्यव्यापाऱ्यांच्या श्रेणीने, सात खोल्यांचे लेणे व पाण्याची पोढी दान दिल्याचे कोरलेले आहे. सात खोल्या आणि पाणी : चारिकेवर निघालेल्या भिक्खूला वर्षावासासाठी जे लागे, नेमके तेच या धान्यवाल्यांनी दिले. नाशिकच्या लेण्यांत उषवदाताने विणकरांच्या श्रेणींकडे तीन हजार कहापण कायम ठेव म्हणून ठेवल्याचा लेख आहे. पैकी दोन हजारांवर दरमहा शेकडा एक या दराने व्याज येई. म्हणजे वर्षाचे दोनशे चाळीस कहापण. त्यातून वीस भिक्खूंना प्रत्येकी बारा कहापण चीवरासाठी मिळत. मुद्दल तसेच राही. विद्यार्थिवृत्तीचा इतका स्पष्ट जमाखर्च सुमारे १,९०० वर्षांपूर्वी आपल्या भूमीत दगडावर कोरला गेला, ही गोष्ट आपल्या विद्यार्थ्यांना ठाऊक असली पाहिजे.

कार्ले येथील चैत्यगृहातील एका स्तंभावर सोपारा येथील सातिमित नावाच्या भाणकाचे दान नोंदलेले आहे. भाणक म्हणजे सुत्तांचे पठण करणारा, ग्रंथ कंठात वाहणारा विद्वान. कार्ले-भाजे ही विद्यापीठे नव्हती; परंतु ज्ञान मुखातून मुखाकडे जाण्याच्या काळात अशी निवासस्थाने हाच विद्येचा मार्ग होता. आजही पुण्याहून लोणावळा लोकलने मळवलीला उतरले की एकीकडे भाजे, दुसरीकडे कार्ले पायी गाठता येते. विद्यार्थ्याच्या खिशाला परवडणारी याहून प्राचीन विद्यायात्रा पुणे परिसरात नाही.

पुण्यातील इमारती

पुणे शहराची आधुनिक विद्यास्थाने पाहावयास निघालेला विद्यार्थी मार्केट यार्डातून निघाला, तर पी.एम.पी.च्या एका दिवसाच्या पासात त्याला चार इमारती पाहता येतात. त्या पाहताना प्रत्येक इमारत कोणाच्या पैशाने उभी राहिली, हा प्रश्न त्याने सोबत न्यावा.

येरवड्याचे डेक्कन कॉलेज मूळ १८२१ साली विश्रामबागवाड्यात पाठशाळा म्हणून सुरू झाले. पेशवाईत ब्राह्मणांना वाटल्या जाणाऱ्या दक्षिणेच्या निधीतून तिचा खर्च चाले आणि आरंभी तिचे दार ब्राह्मण विद्यार्थ्यांपुरतेच होते. पुढे जमशेटजी जीजीभाई यांच्या मोठ्या देणगीने येरवड्याची गॉथिक धाटणीची इमारत उभी राहिली व १८६८ साली कॉलेज तेथे गेले. १९३९ पासून ती संशोधनसंस्था आहे. तेथील थोर पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकळिया यांचा नालंदा विद्यापीठावरील ग्रंथ १९३४ साली प्रसिद्ध झाला होता, हा योग लक्षणीय आहे. गणेशखिंडीचा राजभवनाचा प्रासाद गव्हर्नरांच्या पावसाळी निवासासाठी बांधला गेला. १९४९ साली तेथे पुणे विद्यापीठ आले आणि २०१४ साली त्याला सावित्रीबाई फुले यांचे नाव मिळाले. जातककथांतील तक्खसिलेच्या आचार्यांकडे शिकावयास गेलेल्या मुलींच्या कथा नाहीत. एका शिक्षिकेचे नाव विद्यापीठाच्या कमानीवर येण्यास किती काळ लागला, याचे माप यावरून घ्यावे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर १९१७ चे, तर फर्ग्युसन कॉलेज १८८५ चे. टेकडीच्या पायथ्याच्या याच फर्ग्युसन कॉलेजात १९१२ ते १९१८ या काळात धर्मानंद कोसंबी पालि शिकवीत होते.

धर्मानंद आणि बाबासाहेब

अल्प शिदोरीच्या विद्याचारिकेचे आधुनिक मराठी उदाहरण म्हणजे धर्मानंद कोसंबी (१८७६–१९४७). गोव्यातील सांखवाळचा हा तरुण १८९९ साली घर सोडून निघाला. पुणे, ग्वाल्हेर, काशी, नेपाळ, बुद्धगया, कोलंबो, ब्रह्मदेश असा त्याचा मार्ग झाला. काशीत तो अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकला. कोलंबोच्या विद्योदय परिवेणात सुमंगल महास्थविरांजवळ पालि शिकला. पुढे कलकत्ता विद्यापीठातील अधिक पगाराची जागा सोडून त्यांनी बडोदे संस्थानची दरमहा ५० रुपयांची वृत्ती पत्करली, कारण त्यांना महाराष्ट्रात राहून मराठीत बुद्धधम्म सांगावयाचा होता. १९१० साली ते विसुद्धिमग्गाच्या संपादनासाठी हार्वर्डला गेले. अन्नछत्र ते हार्वर्ड ही वाट त्यांनी अकरा वर्षांत चालली. तरीही काशीच्या अन्नछत्रात पंक्तीला बसता आले ते सारस्वत ब्राह्मण कुळात जन्म झाल्यामुळे, हे सत्य त्यांच्या थोरवीला बाधा न आणता सांगता येते.

१९१३ साली त्याच बडोदे संस्थानची दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती घेऊन भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. त्या रकमेतून पोट भागवून, घरी पैसे पाठवून उरलेल्यातून ते जुनी पुस्तके विकत घेत. विद्यापीठाच्या वसतिगृहाने त्यांची जात विचारली नाही. १९१७ साली लंडनचा अभ्यास अर्धा टाकून ते संस्थानच्या नोकरीसाठी बडोद्यास आले, तेव्हा त्या नगरात त्यांना खोली मिळेना. अखेर एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव नोंदवून ते राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात आला आणि त्यांना ती जागा सोडावी लागली.

चित्त व संभूत यांची कथा आणि ही घटना शेजारी ठेवून पाहावी. दोन हजार वर्षांचे अंतर, तरी वेश तोच, भय तेच आणि बाहेर काढण्याची रीतही तीच. फरक पडला तो पुढील वाटेत. चित्त-संभूतांनी तापसांची प्रव्रज्या घेतली. बाबासाहेब मुंबईत प्राध्यापकी करून पैसे साठवून, छत्रपती शाहू महाराजांचे साहाय्य व नवल भथेनांकडून कर्ज घेऊन १९२० साली पुन्हा लंडनला गेले, १९२३ साली डी.एस्‌सी. झाले, आणि पुढे त्यांनी स्वतःच विद्यास्थाने उभारली.

नागसेनवन

१९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीची स्थापना, १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज आणि १९५० साली औरंगाबादेत (आताचे छत्रपती संभाजीनगर) मिलिंद महाविद्यालय, असा हा क्रम आहे. प्रश्न विचारणारा राजा मिलिंद महाविद्यालयाच्या नावात, तर उत्तर देणारे भदन्त नागसेन परिसराच्या नावात आहेत. ह्युएन त्संगाच्या वर्णनात द्वारावर प्रश्न होते. येथे प्रश्न हेच दाराचे नाव झाले. खेड्यापाड्यांतून आलेल्या मुलांसाठी वसतिगृहे हा या रचनेचा प्राण होता. चार प्रत्ययांची नालंदेची व्यवस्था बाबासाहेबांनी या मुलांसाठी पुन्हा मांडली. जवळच्या डोंगरात बौद्ध लेणी आहेत आणि त्याच डोंगराच्या पायथ्याला १९५८ साली स्थापन झालेले विद्यापीठ आहे. त्याला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव १९७८ साली झाला. नामविस्तार १४ जानेवारी १९९४ रोजी झाला. मधल्या सोळा वर्षांत आपल्या माणसांनी घरे, शेती आणि प्राण गमावले. त्या कमानीखालून आपले खरे नाव सांगत आत जाणारा विद्यार्थी इतिहासातील फार मोठे अंतर ओलांडीत असतो.

आपले कर्तव्य

आता मार्केट यार्डाकडे वळू. गुलटेकडीच्या या बाजारात धान्य, गूळ, भाजी, फुले यांची उलाढाल होते आणि पोती हमालांच्या पाठीवरून जातात. याच हमालांच्या संघटनेने, हमाल पंचायतीने, 'कष्टाची भाकर' हा स्वस्त व सकस भोजनाचा उपक्रम चालविला. प्राचीन जुन्नरचे दान व्यापारी श्रेणीचे होते; येथे ओझे वाहणाऱ्यांनीच एकत्र येऊन अन्नाची सोय केली, ही श्रेणीच्या कल्पनेची पुढची पायरी होय. परिसरातील आंबेडकरनगरसारख्या वस्त्यांतून शिकणारी मुले या कष्टाच्या भाकरीवर वाढली आहेत. त्यांच्यासाठी नालंदा, सारनाथ, अजिंठा, नागसेनवन पाहणे ही चैन ठरू नये.

यासाठी मोठा निधी लागत नाही. नालंदेला शंभर गावे होती, जुन्नरच्या धान्यवाल्यांनी सात खोल्या दिल्या. आपल्या प्रत्येक मोठ्या विहाराने प्रवासी विद्यार्थ्यासाठी एक खोली, दोन वेळचे जेवण व एक नोंदवही ठेवावी. उषवदाताप्रमाणे मुद्दल न मोडता व्याजातून दरवर्षी दोन विद्यार्थ्यांचा प्रवासखर्च द्यावा. त्यांपैकी एक मुलगी असावी. परतल्यावर त्यांनी पाहिलेल्या स्थळावर विहारात वंदनेनंतर बोलावे, म्हणजे एकाचा प्रवास सर्वांचा होईल. नोंदवहीत नाव, गाव आणि शिक्षण एवढीच रकाने असावीत. चित्त-संभूतांना जे लपवावे लागले आणि बडोद्यात बाबासाहेबांना जे बदलावे लागले, ते विचारणारा रकाना आपल्या वहीत असणार नाही, एवढी दक्षता घेतली तरी या दीर्घ इतिहासाचे काही ऋण फिटेल.