गलबतावरची चूल आणि पाण्याचं पिंप

इतिहासाच्या या मालिकेत आपण आजवर राजे पाहिले, लढाया पाहिल्या, विहिरी आणि बाजारही पाहिले. आज आम्ही तुमच्यासमोर एक यादी ठेवणार आहोत. किराणा मालाची यादी. अडीचशे वर्षांपूर्वी एका जुन्या गलबतासाठी ती केली होती. त्या यादीत काय होतं यावर कोण जगलं हे ठरलं, आणि यादीत जे मावत नव्हतं त्यामुळे कोण मेलं हेही ठरलं.

सन १७६८. इंग्लंडच्या आरमाराने एक गलबत विकत घेतलं. ते लढाईचं नव्हतं, कोळसा वाहणारं होतं. इंग्लंडच्या व्हिटबी गावी १७६४ साली बांधलेलं, तीन डोलकाठ्यांचं. किंमत पडली २,८४० पौंडांच्या आसपास. आपल्याकडे जुना टेम्पो घेऊन त्याला नवा रंग देतात, तसं त्याचं जुनं नाव बदलून नवं नाव ठेवलं, एन्डेव्हर. म्हणजे खटपट, प्रयत्न.

कोळशाचं गलबतच का घेतलं? कारण त्याचं पोट मोठं होतं आणि बूड सपाट होतं. पोट मोठं म्हणून सामान भरपूर मावणार. बूड सपाट म्हणून किनाऱ्यावर चढवून दुरुस्ती करता येणार. दिसायला ते काही देखणं नव्हतं. पण लांबच्या वाटेला रूप काय कामाचं? कोठार मोठं हवं.

या गलबताला जायचं होतं पृथ्वीच्या पार दुसऱ्या बाजूला, ताहिती बेटावर. जून १७६९ मध्ये शुक्र हा ग्रह सूर्यासमोरून सरकताना दिसणार होता, त्याचं मोजमाप तिथे घ्यायचं होतं. शिवाय दक्षिणेकडे नवी जमीन सापडते का, ते पाहण्याचा गुप्त हुकूमही होता. कप्तान होता जेम्स कुक, एका शेतमजुराचा मुलगा. सोबत जोसेफ बँक्स नावाचा श्रीमंत तरुण, वनस्पतींचा अभ्यासक. खलाशी, शिपाई, नोकर, अभ्यासक मिळून गलबतावर ९४ माणसं होती.

आता हिशेब करू. ९४ माणसं, दीड वर्षाचा शिधा. वाटेत दुकान नाही, फ्रिज नाही. तुमच्या गटाने कधी पंक्तीचा स्वयंपाक घेतला असेल तर तुम्हाला कळेल की हे किती अवघड आहे. लंडनजवळच्या डेप्टफर्डच्या गोदीत माल भरला गेला तो असा: खारवलेल्या डुकराच्या मांसाचे ६,००० तुकडे, गोमांसाचे ४,००० तुकडे, नऊ टन कडक बिस्किटं, पाच टन पीठ, एक टन मनुका. शिवाय वाटाणे, ओटची भरड, तेल, साखर, मीठ, चीज. बिअर तर पिंपंच्या पिंपं, कारण लाकडी पिंपातलं पाणी थोड्याच दिवसांत शेवाळायचं. डुकरं आणि कोंबड्या चढवल्या. एक दुभती शेळीही चढली. ही शेळी साधीसुधी नव्हती. आदल्याच फेरीत, दुसऱ्या एका गलबतावरून ती जगप्रदक्षिणा करून आली होती!

आणि त्या यादीत होता तीन टनांहून जास्त आंबवलेला कोबी. कोबी बारीक चिरायचा, मीठ लावून पिंपात दाबून भरायचा, आंबू द्यायचा. एका अर्थी ते कोबीचं लोणचंच. जर्मन लोक त्याला सावरक्राउट म्हणतात. वाटणी केली तर माणशी तीस किलोंहून जास्त लोणचं! एवढं कशासाठी, ते पुढे येईलच.

खलाशी राहत त्याच मजल्यावर एक मोठी लोखंडी चूल होती. तिच्यावरच्या हंड्यांत सगळं उकडायचं. खारं मांस आधी पाण्यात भिजत टाकून मीठ उतरवायचं. खलाशांचे छोटे छोटे गट असत. प्रत्येक गट आपलं मांस जाळीच्या पिशवीत घालून खुणेची चिठी बांधे आणि हंड्यात सोडे, म्हणजे कुणाचं कुणाला जाणार नाही. वाढून आणायची पाळी रोज बदलायची. समुद्र खवळला की आग विझवावी लागे, कारण लाकडी गलबतावर निखारा उडाला तर पळायला जागा नसते. मग त्या दिवशी थंड शिळं खायचं.

ही चूल सांभाळायला आरमाराने आधी एक पांगळा माणूस दिला. कुकने तक्रार केली. मग दुसरा दिला, जॉन थॉम्प्सन. त्याला उजवा हातच नव्हता. कुकने पुन्हा हरकत घेतली, पण ती कुणी ऐकली नाही. त्या काळी लढाईत हातपाय गमावलेल्यांना आचाऱ्याची नोकरी देण्याची रीत होती. निराधाराला आधार मिळत होता, ते चांगलंच. पण त्यामागचा दुसरा विचारही ऐकून ठेवा: चुलीचं काम काय, कुणीही करतं! ९४ माणसांना वर्षानुवर्षं जेवू घालणं हे कसबाचं काम आहे असं कुणाला वाटलं नव्हतं. एका हाताच्या थॉम्प्सनने ते करून दाखवलं.

आता त्या कोबीकडे येऊ. लांबच्या प्रवासात खलाशांना लढाईपेक्षा जास्त मारत होता एक आजार, स्कर्व्ही. हिरड्या सुजून रक्त यायचं, दात हलायचे, भरलेल्या जुन्या जखमा पुन्हा उघडायच्या, माणूस गळून जायचा. आज आपल्याला माहीत आहे की हा ‘क’ जीवनसत्त्वाच्या कमतरतेचा आजार आहे. आवळा, लिंबू, पेरू, शेवग्याचा पाला पोटात गेला की तो होत नाही. १७६८ साली जीवनसत्त्व हा शब्दही नव्हता. जेम्स लिंड नावाच्या आरमारी डॉक्टरने १७४७ साली बारा आजारी खलाशांच्या सहा जोड्या करून प्रत्येक जोडीला वेगळा उपाय दिला होता. संत्री-लिंबं मिळालेली जोडी झटकन सुधारली. तरी आरमाराने त्यावर लगेच काही केलं नाही. एन्डेव्हरवर मग वेगवेगळे उपाय करून पाहायला दिले: आंबवलेला कोबी, मोड आणून वाळवलेल्या सातूचा काढा, मांसाचा रस आटवून केलेल्या वड्या.

कोबी आला खरा, पण खलाशी खाईनात. आंबट, वास येतो, आमच्या बापजाद्यांनी कधी खाल्लं नाही! घरात नवी भाजी केली की पोरं जशी ताट सरकवतात तसंच. मदेरा बेटावर ताजं मांस घ्यायला नकार दिला म्हणून दोघांना कुकने प्रत्येकी बारा फटके मारवले होते. कोबीच्या बाबतीत मात्र त्याने फटक्यांची वाट सोडली. रोज अधिकाऱ्यांच्या टेबलावर कोबी वाढायला सांगितला आणि खलाशांना म्हटलं, तुम्हाला हवा तर घ्या, नको तर राहू द्या. साहेब लोक आवडीने खातात हे दिसल्यावर आठवड्याच्या आत मागणी इतकी वाढली की कोबी मोजून द्यावा लागला. अंगणवाडीत काम करणाऱ्या ताईंना ही युक्ती सांगायची गरज नाही!

पण नुसत्या लोणच्याने हे साधलं नसतं. गलबत जिथे जिथे थांबलं तिथे कुकने ताजं अन्न मिळवलं. मदेराला माणशी नऊ किलो कांदे वाटले. न्यूझीलंडच्या किनाऱ्यावर रानटी सेलरीचा पाला खुडून आणला आणि ओटची भरड व त्या रसाच्या वड्यांबरोबर शिजवून सकाळच्या न्याहारीला दिला. आजचे अभ्यासक सांगतात की खरं काम केलं ते या ताज्या पाल्याने. काढा आणि वड्या यांचा स्कर्व्हीवर जवळजवळ काही उपयोग नव्हता.

इथे आणखी एक बाजू सांगितली पाहिजे. ते किनारे ओस नव्हते. तिथलं पाणी, पाला, मासे यांवर जगणारी माणसं तिथे राहत होती. ऑक्टोबर १७६९ मध्ये न्यूझीलंडला पहिल्यांदा उतरले तेव्हा झालेल्या झटापटींत गलबतावरच्या लोकांनी कित्येक माओरींना गोळ्या घातल्या. पुढे ऑस्ट्रेलियात कासवांवरून तिथल्या गुगू यिमिथिर लोकांशी भांडण झालं. पाहुण्यांनी न विचारता डझनभर कासवं धरली आणि मागायला आलेल्या यजमानांना एकही दिलं नाही. गलबताचं कोठार भरलं, ते असंही भरलं.

जून १७७० मध्ये, ऑस्ट्रेलियाजवळ, रात्री गलबत प्रवाळाच्या खडकावर चढलं. बुडाला भोक पडलं. ते हलकं करण्यासाठी तोफा फेकल्या, तळाशी भरलेलं लोखंड-दगड फेकलं, तेलाच्या बरण्या आणि खराब झालेला माल फेकला. साठवलेलं पिण्याचं पाणीसुद्धा ओतून दिलं. मग एका शिडावर लोकर आणि दोराचे पिंजलेले तंतू टाचून ते गोधडीसारखं भोकावर बाहेरून ओढलं. पाण्याच्या दाबाने ते आत शोषलं गेलं आणि गळती आटोक्यात आली. तोफा गेल्या तरी गलबत वाचलं, ते या गोधडीने.

ऑक्टोबर १७७० मध्ये एन्डेव्हर दुरुस्तीसाठी बटाव्हियाला पोहोचलं. म्हणजे आजचं जाकार्ता. तोवर दोन वर्षं उलटली होती. बुडून, थंडीने, अपघाताने काही माणसं गेली होती, पण स्कर्व्हीने एकही नाही. त्या काळात ही अचंब्याची गोष्ट होती.

आणि तिथेच घात झाला. बटाव्हिया हे कालव्यांचं शहर. साचलेलं घाण पाणी आणि डासांचे थवे. हिवताप आणि रक्ती हगवण सुरू झाली. आधी गलबतावरचा डॉक्टरच गेला. ताहितीहून सोबत आलेला तुपाया गेला. आकाशातल्या ताऱ्यांवरून आणि लाटांवरून वाट ओळखणारा तो मोठा जाणकार होता, त्याच्यामुळेच माओरींशी बोलता आलं होतं. त्याच्याबरोबरचा तायाता हा मुलगाही गेला. बटाव्हियात एकूण सातजण दगावले. पुढे केप टाउनपर्यंतच्या वाटेवर वीसहून अधिक. वाटेतल्या एका बेटावर भरून घेतलेल्या पाण्याचा संशय आला म्हणून कुकने पिंपांत चुना टाकला, फळ्या व्हिनेगरने धुवून काढल्या. उशीर झाला होता. जानेवारी १७७१ च्या अखेरीस एकाच दिवसात चार माणसं हगवणीने गेली. त्यांत एक होता जॉन थॉम्प्सन, एका हाताचा आचारी.

मैत्रिणींनो, आम्हाला या इतिहासात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हेच. दोन वर्षं ताटाने माणसं जगवली आणि थोड्या महिन्यांत खराब पाण्याने व डासांनी ती नेली. पोषण कितीही चांगलं असलं तरी पाणी घाण असेल तर केलेलं सगळं वाहून जातं. त्या काळी जंतू कुणाला ठाऊक नव्हते. आपल्याला ठाऊक आहेत. पाणी उकळणं, हंडा झाकणं, ओगराळ्याने पाणी काढणं, साचलेलं पाणी वाहतं करणं, जेवणाआधी साबणाने हात धुणं, हे सगळं आपल्या हातात आहे.

जुलै १७७१ मध्ये एन्डेव्हर इंग्लंडला परतलं. कुकचा सन्मान झाला. त्या शेळीचंही कौतुक झालं. सातूच्या काढ्याची मात्र उगाच वाहवा झाली आणि लिंबाचा रस सगळ्या आरमाराला द्यायला १७९५ साल उजाडलं. लिंडच्या प्रयोगानंतर अठ्ठेचाळीस वर्षं! चूक उपायाचं कौतुक झालं की खरा उपाय असा मागे पडतो.

लंडनला कुकची बायको एलिझाबेथ होती. नवरा निघाला तेव्हा ती गरोदर होती. बाळ जन्मलं आणि थोड्याच दिवसांत गेलं. तो परतण्याच्या तीन महिने आधी चार वर्षांची लेकही गेली. तिला सहा मुलं झाली, ती सगळी तिच्या डोळ्यांदेखत संपली. ती स्वतः त्र्याण्णव वर्षं जगली. गलबतावरच्या प्रत्येक पिंपाची नोंद सापडते. तिच्या घरात त्या तीन वर्षांत काय शिजलं, काय कमी पडलं, याची नोंद कुणी ठेवली नाही.

शेवटी एक आपल्याकडची गोष्ट. गोव्यात दिवाडी बेटावर बांधलेली ‘तारिणी’ नावाची शिडाची नौका घेऊन भारतीय नौदलाच्या सहा महिला अधिकारी सप्टेंबर २०१७ मध्ये जगप्रदक्षिणेला निघाल्या आणि मे २०१८ मध्ये गोव्याला परतल्या. वाटेत त्या न्यूझीलंडच्या लिटलटन बंदरात थांबल्या. ते बंदर ज्या भूशिरावर आहे त्याला त्याच जोसेफ बँक्सचं नाव आहे. एन्डेव्हरवर एकही बाई नव्हती. तारिणीवर सहाच जणी होत्या, आणि त्यांत वेगळा आचारी नव्हता. सुकाणू त्यांच्याच हाती, शिडं त्यांच्याच हाती आणि चूलही त्यांच्याच हाती.

म्हणून आमची एक सूचना आहे. तुमच्या गटाच्या वहीत पैशांचा हिशेब असतोच. या महिन्यात तिच्या मागच्या पानावर आणखी एक यादी करा. घरात वर्षभरात काय साठवलं, काय वाळवलं, लोणची कशाची घातली, पाणी कुठून आणलं, कोण कशाने आजारी पडलं. तारखेसह लिहा. पुढच्या बैठकीत वाचून दाखवा. आणि आम्हालाही कळवा.