एकतीस ऑगस्टची रात्र

आमचा धाकटा भाऊ बंड्या शाळेत असताना खो-खोच्या जिल्हा स्पर्धेला मुकला. वयाच्या अटीत साहेब चार दिवसांनी मोठे निघाले. सराव वर्षभर याने केला, आणि स्पर्धेच्या दिवशी पोरांच्या चपला आणि पाण्याची कळशी सांभाळत मैदानाबाहेर बसला. (बंड्या, हे वाचून फोन करशीलच, ठाऊक आहे!) तेव्हापासून ‘अमुक तारखेपर्यंत’ हे शब्द दिसले की माझ्या कपाळावर आठी येते.

२००२ साली मी सॅन फ्रान्सिस्कोजवळ राहत होतो. ऑफिसातल्या मंडळींच्या संगतीने बेसबॉलचा नाद लागला आणि मी आपसूक जायंट्सवाला झालो. त्या ऑक्टोबरात जायंट्स वर्ल्ड सिरीजमध्ये पोचले. समोर अ‍ॅनाहाइम एंजल्स. त्यांच्याकडे एक वीस वर्षांचा व्हेनेझुएलाचा पोरगा होता, फ्रान्सिस्को रॉड्रिगेझ. चेंडू असा टाकायचा की भलेभले फलंदाज हवेत बॅट फिरवून परत जायचे. सातव्या सामन्यात आम्ही हरलो. त्या प्लेऑफमध्ये या पोराच्या नावावर पाच विजय लागले. मुख्य मोसमात एकही नव्हता!

कारण मोठ्या संघाकडून तो पहिला सामना खेळला १८ सप्टेंबरला. आणि नियम तर सांगतो की प्लेऑफ खेळायचं असेल तर ३१ ऑगस्टच्या मध्यरात्रीपर्यंत तुम्ही संघात हवेत. मग हा कसा खेळला? मी कित्येक दिवस ‘चीटिंग, चीटिंग’ म्हणत चरफडत होतो.

राग शांत झाल्यावर जुने किस्से वाचत गेलो. तेव्हा कळलं, ही तारीख कुणाकुणाला आडवी आली आहे.

सॅल मॅग्ली हा चाळिशीचा पिचर. १९५६च्या वर्ल्ड सिरीजमध्ये डॉन लार्सनने ‘परफेक्ट गेम’ टाकला, म्हणजे समोरच्या एकालाही बेसवर पोचू दिलं नाही, तेव्हा ब्रुकलिनकडून त्याच्याविरुद्ध हाच टाकत होता. पुढच्याच वर्षी लार्सनच्या यांकीजनी मॅग्लीला विकत घेतलं. तारीख १ सप्टेंबर १९५७. वर्ल्ड सिरीज त्याने बाहेरून पाहिली, आणि यांकीज सात सामन्यांत हरले.

पेद्रो रामोसचं तर जास्तच वाईट वाटतं. हा क्यूबाचा पिचर. १९५८ ते १९६१ अशी सलग चार वर्षं अमेरिकन लीगमध्ये सर्वात जास्त पराभव याच्या नावावर, कारण संघच रडका. ५ सप्टेंबर १९६४ला तो क्लीव्हलंडकडून यांकीजकडे आला. महिनाभर सामन्याच्या शेवटी येऊन त्याने आघाड्या राखून दिल्या, आणि यांकीजनी लीग जिंकली ती फक्त एका सामन्याच्या फरकाने. एवढं करून वर्ल्ड सिरीजमध्ये त्याला जागा नाही! पाच दिवस उशीर. यांकीज सात सामन्यांत सेंट लुईसकडून हरले. १९८०मध्ये स्पार्की लाइल १३ सप्टेंबरला फिलाडेल्फियात आला. त्या वर्षी फिलीज इतिहासात पहिल्यांदा वर्ल्ड सिरीज जिंकले, आणि हा पात्र नव्हता.

निर्दयी वाटतं ना? पण तारीख काढून टाका आणि बघा. श्रीमंत संघ सप्टेंबरच्या शेवटी थैली घेऊन निघेल आणि हरलेल्या संघांतले चांगले खेळाडू गोळा करून ऑक्टोबरात उतरेल. मग एप्रिलपासून १६२ सामने खेळायचे कशाला?

आता रॉड्रिगेझ. तो विकत आणलेला नव्हताच. एंजल्सनी त्याला १९९८ साली, सोळा वर्षांचा असताना करारबद्ध केलं होतं. ३१ ऑगस्टच्या रात्री तो त्यांच्याच खालच्या संघात होता. आणि नियमातच एक पोटकलम आहे: पात्र खेळाडू जखमी असेल, तर त्याच्या जागी त्या तारखेला तुमच्याच संस्थेत असलेला दुसरा खेळाडू घेता येतो. म्हणजे नियम ‘मैदानावर कधी आलास’ हे विचारत नाही, ‘त्या रात्री कुणाच्या घरी होतास’ हे विचारतो. क्रिकेटमध्येही २०२३च्या वर्ल्ड कपमध्ये हार्दिक पंड्या जखमी झाल्यावर, परवानगी घेऊनच, प्रसिध कृष्णा आत आला होता.

माझी ‘चीटिंग’ची ओरड इथे संपली. पण मग विचारलं, जखमी कोण होता?

त्याचं नाव स्टीव्ह ग्रीन. कॅनडाचा पिचर. २००१ साली एंजल्सकडून एक सामना खेळला, मग कोपराची शस्त्रक्रिया झाली आणि २००२चा अख्खा मोसम गेला. त्याची जखमींच्या यादीतली जागा रॉड्रिगेझला मिळाली. ग्रीन पुढे मोठ्या संघाकडून पुन्हा कधीच खेळला नाही. एका सामन्याची कारकीर्द, पण त्याचं नाव त्या यादीत नसतं तर २००२चा तो ऑक्टोबर वेगळा झाला असता.

२०१९पासून ऑगस्टमधले खेळाडूंचे सौदे जवळजवळ बंद झाले. देवाणघेवाण जुलैअखेर, त्या सुमारालाच संपते. तरी ३१ ऑगस्ट आहेच. २०२३मध्ये खर्च वाचवायला एंजल्सनी सोडून दिलेले तीन पिचर क्लीव्हलंडने नेमके ३१ ऑगस्टला उचलले. या खेपेला कुणाला उशीर झाला नाही. क्लीव्हलंडच प्लेऑफला पोचलं नाही!

तारीख कुठेतरी आखावीच लागते, हे आता पटतं. पण ती आखली की रेषेच्या पलीकडे कुणीतरी उभा असतोच, आणि बहुतेक वेळा त्याची चूक काहीच नसते. रामोसने त्या सात सामन्यांत काय केलं असेल? आमच्या बंड्याने केलं तेच असावं. बाहेर बसून घसा बसेपर्यंत ओरडला होता तो.

असो. चपला मात्र सगळ्यांच्या सापडल्या होत्या.