आर्वीची थाळी, फडाची गाडी



आजच्या व्याख्यानाचा विषय ऐकून काही जणांना प्रश्न पडला असेल, की फिरत्या घरावर, म्हणजे ज्याला आपण कॅम्पर व्हॅन किंवा कॅरव्हॅन म्हणतो त्याच्या छपरावर उपग्रहाचं इंटरनेट बसवायचं, याचा आणि आपल्या तालुक्याचा संबंध काय? आणि यात इतिहास तो कसला? संबंध आहे, आणि इतिहासही आहे. सुरुवात घरातूनच करतो.

आपल्या तालुक्यातलं जांब समर्थ हे रामदासस्वामींचं जन्मगाव. १६०८ चा जन्म. परंपरा असं सांगते की लहान वयात ते घरातून निघाले आणि दोन तपांनी आईला भेटायला परत आले, तेव्हा आईची दृष्टी गेलेली होती. यातला भक्तिभाव क्षणभर बाजूला ठेवा आणि आईच्या बाजूनं बघा. मुलगा चालता, निरोप पोचायचा कुठं? टपाल असो, तार असो की टेलिफोन, दळणवळणाची बहुतेक साधनं पत्ता असलेल्या माणसासाठी झाली. ज्याचा पत्ता रोज बदलतो त्याचं काय, हा प्रश्न मागेच राहिला. आजचा विषय तोच आहे.

आता जालना सोडून थोडं पश्चिमेला, पुणे जिल्ह्यात जाऊ. जुन्नर तालुक्यात नारायणगाव आहे. तमाशाची पंढरी म्हणतात त्याला. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर तिथल्याच. पाडव्याच्या सुमाराला तिथं फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पुढारी येतात, यात्रेसाठी सुपारी देतात. मग हंगामभर फडाचे ट्रक फिरत राहतात. त्यात कनाती, रंगमंचाच्या फळ्या, जनरेटर, भांडीकुंडी, लेकरंबाळं. महाराष्ट्रात फिरतं घर ही काही अमेरिकेहून आलेली कल्पना नाही, मंडळी. फक्त आपल्याकडे ते पोटासाठी फिरत होतं.

त्याच नारायणगावच्या शेजारी आर्वी नावाचं गाव आहे. तिथं १९७१ साली देशाचं पहिलं व्यापारी उपग्रह भूकेंद्र सुरू झालं. विक्रम साराभाईंनी त्यासाठी पुष्कळ खटपट केली होती. त्याच वर्षाच्या डिसेंबरात ते गेले, आणि केंद्राला विक्रम हेच नाव आहे. तिथली थाळी सुमारे ३० मीटर व्यासाची. परदेशी फोन लावायचा तर तोवर लघुलहरींच्या रेडिओवर भिस्त असायची. आवाज कधी यायचा, कधी विरायचा. आर्वीमुळे तो स्वच्छ झाला.

म्हणजे बघा, एकाच टापूत एवढी मोठी दळणवळणाची थाळी आणि शेजारच्याच रस्त्यानं जाणारा फडाचा ट्रक. एकीला हलता येत नाही आणि दुसऱ्याला थांबता येत नाही. या दोघांची गाठ पडायला पन्नास वर्षं लागली. का लागली, ते सांगतो.

आर्वीची थाळी एवढी मोठी का? कारण वरचा उपग्रह अशक्त होता. भूस्थिर उपग्रह विषुववृत्ताच्या वर जवळपास ३६,००० किलोमीटरवर असतो. तिथून त्यानं पुटपुटलेलं ऐकायचं तर खाली कान मोठा लागतो. वरचा आवाज मोठा केला तर खालचा कान लहान चालतो. हे एवढं एक सूत्र लक्षात ठेवा. आकाशानं भार उचलला की जमिनीवरचं ओझं हलकं होतं.

याचा पहिला मोठा पुरावा आपल्याच देशातला आहे. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात ‘साइट’ नावाचा प्रयोग झाला. अमेरिकेचा एटीएस-६ हा उपग्रह वर्षभरासाठी उसना मिळाला होता. त्याची अँटेना अवकाशात छत्रीसारखी उघडायची आणि ती ९ मीटरच्या वर होती. भार आकाशानं उचलला. त्यामुळे खाली गावात काय लागलं? सुमारे ३ मीटरची थाळी, आणि तीही कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची! जाळी चालली, कारण त्या लहरींची लांबी साधारण ३५ सेंटिमीटर होती. जाळीचं भोक त्यापुढे अगदीच बारीक, लहरीला ती जाळी म्हणजे सलग पत्राच. सुमारे २४०० गावांत सार्वजनिक जागी टीव्ही संच ठेवले गेले आणि लोक जमून शेतीचे, आरोग्याचे, शाळेचे कार्यक्रम बघू लागले.

यात तीन गोष्टींची नोंद करा. एक, महाराष्ट्र त्या सहा राज्यांत नव्हता. आंध्र, कर्नाटक, मध्य प्रदेश हे शेजारी होते, आपण नव्हतो. दोन, गावाला फक्त ऐकता-बघता येत होतं, उलट बोलता येत नव्हतं. तीन, उपग्रह उसना होता. वर्ष संपलं, तो परत गेला आणि बऱ्याच गावांतले पडदे अंधारले. या तिन्ही गोष्टींकडे मी शेवटी परत येणार आहे.

पुढं १९८१ साली आपला ‘ॲपल’ उपग्रह बैलगाडीवर ठेवलेला फोटो जगभर गेला. तुम्हीही पाहिला असेल. पुष्कळ जण त्याला गरिबीचं चित्र समजतात. खरं कारण वेगळं होतं. अँटेनाची चाचणी घ्यायची होती आणि धातूच्या वाहनामुळे मोजमापात गडबड झाली असती. म्हणून लाकडी गाडी. उपग्रह-संपर्काच्या इतिहासात बैलगाडीचं काम नेमकं आणि शास्त्रीय होतं!

त्याच वर्षी, १ मे १९८१ ला, जालना जिल्हा झाला. त्या दशकाच्या अखेरीस निकनेटच्या रूपानं जिल्ह्या-जिल्ह्यांची सरकारी कार्यालयं लहान उपग्रह-थाळ्यांनी दिल्लीशी जोडली गेली. आणि २००४ च्या डिसेंबरात दूरदर्शनची मोफत डीटीएच सेवा आली, खासगी कंपन्यांच्याही आल्या. आता घनसावंगीत कुठल्याही गच्चीवर उभे राहा, सगळ्या छत्र्या एकाच अंगाला, दक्षिण-पूर्वेकडे तोंड करून बसलेल्या दिसतील. कारण उपग्रह तिकडं आहे आणि तो जागचा हलत नाही.

आणि फिरत्या गाडीची अडचण इथंच होती. छत्री बसवणारा पोरगा गच्चीवरून ओरडतो, ‘आलं का?’, आणि खालून घरातलं कोणी म्हणतं, ‘गेलं, गेलं, थोडं मागं घे!’ जरा कोन चुकला की चित्र गेलं. गाडी तर वळणावळणाला तोंड फिरवते. त्यावर उपाय दोन होते. पहिला म्हणजे गाडी थांबवायची आणि मग नेम धरायचा. न्यूज चॅनेलच्या ओबी व्हॅन वारीत बघितल्या असतील, छपरावरची थाळी घडी करून येतात आणि थांबल्यावर उघडतात. चेन्नईच्या शंकर नेत्रालयानं इस्रोच्या मदतीनं अशाच बसमधून खेड्यातल्या माणसाच्या डोळ्याची चित्रं शहरातल्या डॉक्टरांपर्यंत पोचवली. दुसरा उपाय मोटारीनं सतत फिरणाऱ्या थाळीचा. जहाजांवर पांढरे घुमट असतात, त्यात हेच असतं. २०१३ मध्ये हावडा राजधानीत उपग्रहावरून वायफाय देऊन बघितलं गेलं. पण हे यंत्र जड, महाग, आणि त्यातला फिरणारा भाग धक्क्यांनी झिजणारा. आपल्या रस्त्यांवर तर विचारूच नका.

गाठ सुटली ती उलट्या बाजूनं. उपग्रहच खाली आणला! ३६,००० ऐवजी सुमारे ५५० किलोमीटरवर. तिथं उपग्रह एका जागी राहत नाही, तासाला सत्तावीस हजार किलोमीटरच्या आसपास धावतो आणि काही मिनिटांत डोक्यावरून निघून जातो. म्हणून एक पुरत नाही, हजारो लागतात. आणि खालच्या अँटेनाला त्यांचा पाठलाग करावाच लागतो, मग ती घरावर असो नाहीतर गाडीवर. त्यासाठी सपाट पाटीत शेकडो बारीक अँटेना बसवतात. प्रत्येकीचा सिग्नल किंचित मागं-पुढं केला की झोत वळतो, पाटी जागची हलत नाही. आता गंमत बघा. उपग्रह सत्तावीस हजारानं पळतोय, तिथं तुमची गाडी ऐंशीनं गेली काय आणि थांबली काय! पाठलाग करणारं यंत्र घरासाठी करायचंच होतं, गाडीची सोय त्याच्या पाठोपाठ आली. २०२२ मध्ये स्टारलिंकनं परदेशात फिरत्या घरांसाठी वेगळी योजना काढली. २०२४ मध्ये एक किलोच्या आसपास वजनाची, पाटीएवढी अँटेना आली.

बसवायचं म्हणाल तर काम आपल्या कुठल्याही गॅरेजवाल्याला जमेल असं आहे. छपराच्या मोकळ्या भागात पाटी घट्ट बांधायची, एसीचा डबा किंवा कॅरिअर तिच्या आड येऊ द्यायचं नाही. वायर आत घेताना छिद्राला रबरी बूच आणि सीलंट, नाहीतर पहिल्याच पावसात पाणी गादीवर. वीज गाडीच्या मुख्य बॅटरीवरून नको, सकाळी गाडी सुरू व्हायची नाही. वेगळी बॅटरी, मध्ये फ्यूज, जमलं तर सोलर. आणि लिंबाच्या गार सावलीत गाडी लावायची सवय सोडायची, कारण पानं सिग्नल अडवतात. थोडक्यात, माणसाला सावली हवी आणि यंत्राला उघडं आभाळ.

मग अडचण कुठं आहे? परवानगीत. १८८५ चा तार कायदा, १९३३ चा बिनतारी कायदा, या वाटेनं आपण आलोय. रेडिओ ठेवायलासुद्धा पोस्टात पैसे भरून लायसन्स काढावं लागायचं, ते इथल्या ज्येष्ठांना आठवत असेल. २०२३ ला नवा दूरसंचार कायदा आला, तरी सूत्र तेच आहे: आकाशाशी बोलायला सरकारची संमती लागते. परदेशातून आणलेली पाटी आपल्या मनानं छपरावर लावून फिरणं हा गुन्हा ठरू शकतो. स्टारलिंकला केंद्राचा परवाना मिळाला जून २०२५ मध्ये. ५ नोव्हेंबर २०२५ ला महाराष्ट्र शासनानं त्यांच्याशी इरादापत्र केलं. त्या वेळी जिल्ह्यांची नावं घेतली गेली ती गडचिरोली, नंदुरबार, वाशिम, धाराशिव. त्या चार नावांत जालना नव्हता. त्यांची गरज मोठी आहे, याबद्दल तक्रार नाही. पण यादी आली की विचारावं लागतं, यादी बनते कशावरून? पत्त्यावरून. फिरणाऱ्या माणसाचा जिल्हा कोणता धरणार?

आपल्याकडे जायकवाडीचा डावा कालवा आला, ऊस आला, कारखाने आले. आणि तरीही या पट्ट्यातल्या कोरडवाहू गावांतून दिवाळीच्या सुमाराला टोळ्या निघतात. मुकादमाची उचल घेतलेली, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत संसार, पाच-सहा महिने कोपीत मुक्काम. हे आपलं फिरतं घर. २०२१ मध्ये राज्यानं कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण केलं, चांगलं झालं, पर्यटकांसाठी सोयी होतील. कोयत्याच्या ट्रॉलीला कॅरव्हॅन कोणी म्हणत नाही.

कोपीवर इंटरनेट ही पहिली गरज आहे असं मी म्हणणार नाही. पाणी, शाळा, दवाखाना, बाईला आडोसा, हे आधी. पण टोळ्यांच्या अड्ड्यांवरून फिरणारा दवाखाना किंवा शाळेची गाडी निघाली, तर तिच्या छपरावर ही पाटी शोभेल. जिथं नेटवर्क येत नाही तिथं ती तालुक्याच्या डॉक्टरांना दाखवेल, मुलाची हजेरी त्याच्या मूळ शाळेत लावेल. प्रत्येक कोपीला एक द्यायची गरज नाही. साइटनं हेच केलं होतं, गावाला मिळून एक संच.

त्या तीन नोंदी आठवा. त्या वेळी आपण यादीत नव्हतो, आता असायला हवं. तेव्हा गावाला उलट बोलता येत नव्हतं, आता येतं. आणि तेव्हा उपग्रह उसना होता. तो आजही दुसऱ्याचाच आहे, कंपनीचा आहे, हे विसरून चालणार नाही. दर वाढले किंवा धोरण बदललं तर पडदा पुन्हा अंधारू शकतो. म्हणून करार करणाऱ्यांना आत्ताच विचारा, किती वर्षांसाठी, कोणाच्या खर्चानं, आणि बंद पडलं तर पुढं काय.

तीस मीटरची थाळी छपरावर मावेल एवढी करायला पन्नास वर्षं लागली. तिथपर्यंत शास्त्रज्ञांनी आणून सोडलं. ती कोणाच्या छपरावर बसायची, हे इंजिनिअर ठरवत नाहीत. ते ग्रामसभेत, पंचायत समितीत, मंत्रालयात ठरतं. यंदा टोळ्या निघण्याआधी आपल्या ग्रामसभेत हा एक प्रश्न कोणीतरी विचारावा, एवढी विनंती करतो आणि थांबतो.